कोपऱ्यावरच्या घरातला वास

“माई, कळलं का? गटार एकदम स्वच्छ निघालं.”

माई कंपाऊंडच्या भिंतीपलीकडे जास्वंदीच्या बुंध्याशी बादली रिकामी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचं?”

“आपल्या गल्लीचं हो. कोपऱ्यावरच्या बाईंनी तक्रार दिली होती ना, गटाराच्या वासानं दिवाणखान्यात बसवत नाही म्हणून. काल दोघं जण आले. चेंबरचं झाकण उघडलं, बांबू घालून बघितलं, तर पाणी खळखळ वाहतंय. झाकण लावलं आणि म्हणाले, बाई, वास आतून येतोय, तुमच्या घरातून.”

“मग?”

“मग काय, चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि खरी गंमत तर पुढेच आहे. आमच्या मावशी त्यांच्याकडेही केर-भांडी करतात. आज सकाळी हळूच सांगत होत्या, वहिनी, तो वास कासवाच्या पेटीचा आहे, मी त्या खोलीत नाकाला पदर लावूनच केर काढते.”

माईंनी बादली उपडी घातली, कमरेला खोचलेला पदर सोडला आणि भिंतीला टेकल्या. माई भिंतीला टेकल्या की गॅसवर काही असेल तर आधी बंद करून यावं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी बंद करून आले.

“मला माहीत आहे,” माई म्हणाल्या. “ती माणसं गेल्यावर संध्याकाळी तिनंच मला बोलावून घेतलं.”

आता आमची बातमी शिळी ठरली, पण वाईट वाटायचं कारण नव्हतं. ताजा माल पलीकडे होता.

“तुम्हाला बोलावलं? तुमच्याशी तर बोलणं बंद होतं ना, त्या आंब्याच्या फांदीवरून?”

“गरज पडली की फांदी आड येत नाही. आणि आपल्या गल्लीत कासव म्हटलं की माझ्याशिवाय जाणार कुणाकडे?”

ते खरंच. माई ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. मुलानं शाळेत असताना हट्टानं आणलेलं कासव, तो पुण्याला नोकरीला गेल्यावर माईंच्याच गळ्यात पडलं. गणू त्याचं नाव. पुढे गणू मादी निघाला, पण तोवर नाव अंगवळणी पडलं होतं.

“पण माई, त्यांनी कासव आणलंच कशाला? घरात मांजर शिरलं तरी झाडू घेऊन धावतात त्या.”

“वास्तूसाठी गं! कुणीतरी सांगितलं, उत्तरेला कासव ठेवा, पैसा टिकतो. मी म्हटलं, अगं, आपल्याकडे शंकराच्या देवळात कासव असतं ते दगडाचं. शतकानुशतकं बसलंय, पाणी बदलावं लागत नाही. वास्तूसाठी पितळी कासवंही मिळतात, ताटलीत पाणी घालून ठेवायची. हिनं जिवंतच आणलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, पाठीवर हिरवीगार नक्षी, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदारानं प्लास्टिकच्या पसरट भांड्यात घालून दिलं, मध्ये प्लास्टिकचं नारळाचं झाड. म्हणाला, एवढंच राहतं, वाढत नाही.”

“नाही वाढत?”

“वाढत नाही कसं! हे लाल कानाचं स्लायडर कासव. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मादीची पाठ फूटभराच्या आसपास जाते. आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षं सहज जगतं. नातवाच्या मुंजीत आणलेलं कासव त्याच्या लग्नात अक्षता टाकायला हजर असतं.”

“अगं बाई! आणि त्यांच्याकडचं आता केवढं झालंय?”

माईंनी करंगळी आणि अंगठा ताणून दाखवला, मग थोडा आखडता घेतला. “पाच इंच. त्या नारळाच्या झाडाखालून काढून दोन फुटी टाकीत ठेवलंय. पाणी किती, तर चार बोटं. पाणी कमी म्हणजे घाण कमी, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर उलटा आहे. घाण कासवाच्या आकाराप्रमाणे होते, पाण्याच्या नाही. तेवढीच घाण कमी पाण्यात पडली की पाणी लवकर नासतं. पाठीच्या प्रत्येक इंचामागे साधारण चाळीस लिटर पाणी धरतात. पाच इंची कासवाला दोनशे लिटर हवं. तिच्या टाकीत वीससुद्धा नव्हतं.”

“दोनशे लिटर म्हणजे पिंपच की!”

“पिंपच. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर बसतं, पण मी वर एक वीत मोकळी ठेवते, नाहीतर बाई रात्री काठावर चढून स्वयंपाकघरात फिरायला निघते.”

मला राहवत नव्हतं. “पण माई, मावशी तर म्हणतात, त्या रोज टाकी धुतात. रोज! अंगणात आणून नळी लावून. गल्लीला पाणी पुरत नाही आणि यांची टाकी रोज फेसात न्हाते. एवढं धुऊन वास येतोच कसा?”

माई हसल्या. अशा प्रश्नाची त्या भिंतीला टेकून वाटच बघत असतात.

“धुते म्हणूनच येतो. हे तिला पटवायला मला दोन कप चहा लागले. असं बघ, कासव शू-शी करतं, खाणं सांडतं, ते कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो. नाकात जातो तो उग्र वास त्याचाच. निसर्गात या अमोनियाची सोय लावणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्राइटही त्रासाचंच, पण नायट्रेट त्या मानानं बरंच निरुपद्रवी. ते साठत गेलं की थोडं पाणी बदलायचं, झालं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजात, सिरॅमिकच्या रिंगांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात चिकटून राहतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. आणि ही रोज काय करते? स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करते. नळाच्या पाण्यात क्लोरीन, ते जिवाणू मारायलाच घातलेलं असतं. शिवाय टाकीला भांड्याचा साबण, वर फिनेलचं फडकं. विरजणाचं भांडं रोज घासून लख्ख करायचं आणि मग दही का लागत नाही म्हणून विचारायचं, त्यातली गत.”

“म्हणजे अमोनिया खाणारं कुणी उरतच नाही.”

“कुणीच नाही. सकाळी टाकी चकाचक, संध्याकाळी पाणी दुधाळ, दुसऱ्या दिवशी सकाळी वास. मग पुन्हा साबण. अति तिथे माती, दुसरं काय! बिचाऱ्या कासवाचे डोळे सुजलेत. त्याला जीवनसत्त्व अ कमी पडणं हेही कारण असतं, पण साबणाच्या आणि अमोनियाच्या पाण्यात रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून बघ तू. मी तिला सांगितलं, आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखव, सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्याला कळतं त्याला. घरचे थेंब घालू नकोस.”

“ऐकलं?”

“ऐकलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, हळद लावली की उतरेल.”

सासूबाईंचा विषय निघाल्यावर अर्थातच थोडं विषयांतर झालं. त्यांचं आणि सुनेचं दूधवाल्यावरून काय बिनसलं आहे, वरची खोली वेगळी का केली, तिथे नवा गॅस कुणाच्या पैशानं आला, हे सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. गल्लीत हे वाचणारे बरेच आहेत.

कासवाकडे परत आणलं ते माईंच्या बादलीनं. ती उपडी होती, तिच्या तळाशी तपकिरी गाळाचा पट्टा वाळला होता.

“मग तुम्ही काय करता ते सांगा ना,” मी म्हटलं. “तुमच्या घरात मी कधी वास घेतला नाही.”

“दर रविवारी टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढायचं. फार तर तिसरा हिस्सा. सगळं कधीच नाही. थांब, नळीच आणते.”

माई आत जाऊन अंगठ्याएवढ्या जाडीची पारदर्शक नळी घेऊन आल्या. भिंतीवर टाकीच्या पाण्याची भरलेली बादली ठेवली, खाली माझ्या बाजूला रिकामी. “बघ. नळी आधी नळाखाली धरून पूर्ण भरायची. दोन्ही तोंडांवर अंगठे. एक तोंड टाकीच्या तळाशी, दुसरं खालच्या बादलीत, मग अंगठे सोडायचे.” पाणी सरसरत खाली आलं. “आता वरचं तोंड गाळावरून हळूहळू फिरवायचं. गाळ वर उडवायचा नाही, ओढून घ्यायचा. आणि तोंडानं ओढून नळी सुरू करायची नाही, पेट्रोल काढतात तशी. का ते सांगते नंतर.”

“टाकीत दगड-गोटे असले की?”

“म्हणून मी तळाला काही टाकतच नाही. दुकानात रंगीत खडे देतात, दिसायला छान. खाणं त्यांच्या फटीत जाऊन कुजतं, आणि कासव बारीक खडा गिळून बसलं की आतडं तुंबतं. नुसती काच बरी. गाळ दिसतो, ओढता येतो.”

“आणि फिल्टर?”

“तीन-चार आठवड्यांनी. आधी प्लग काढायचा, मग पाण्यात हात. हे सगळ्यांत आधी, बाकी सगळं नंतर. मग टाकीतून काढलेल्या याच घाण पाण्यात स्पंज दोन-तीनदा दाबायचा. तपकिरी मळ सुटला की पुरे. पांढरा करायचा नाही. रिंगा नुसत्या विसळायच्या. आणि स्पंज धुतला त्या दिवशी रिंगांना हात लावायचा नाही, त्या पुढच्या खेपेला. कुठे ना कुठे जिवाणूंची वस्ती शाबूत राहिली पाहिजे. वीज गेली आणि बंद डब्याचा फिल्टर खूप तास तसाच राहिला, तर वीज आल्यावर लगेच सुरू करायचा नाही. आतलं पाणी प्राणवायूवाचून सडलेलं असतं. ते ओतून द्यायचं, विसळायचं, मगच बटण.”

“नवीन पाणी थेट नळाचं?”

“रात्रीच बादल्या भरून उघड्या ठेवायच्या. साधं क्लोरीन रात्रभरात बरंचसं उडतं. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामिन घालतात, ते असं उडत नाही. मग ॲक्वेरियमच्या दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात ते वापरायचे. कासव आपल्यासारखी हवा घेतं, कल्ल्यांनी पाण्यातून श्वास घेत नाही, म्हणून माशासारखं ते क्लोरीननं पटकन मरत नाही. पण डोळे चुरचुरतात आणि फिल्टरचे जिवाणू जातात. थंडीत आणखी एक, गार पाणी एकदम ओतायचं नाही. पाणी चोवीस ते सव्वीस अंशांवर असलं की त्याचं पचन नीट चालतं. त्यासाठी टाकीत हीटर असतो, पण त्याला पक्की जाळी हवी, नाहीतर हे धडका मारून फोडतं.”

“आणि काचेवर पांढरे डाग? आमच्या बोअरच्या पाण्यानं नळालासुद्धा धरतात.”

“क्षार ते. पाण्याच्या पातळीवर काचेला रेघ पडते. फडक्यावर थोडं पांढरं व्हिनेगर घेऊन पुसायचं आणि ओल्या फडक्यानं निपटून घ्यायचं. शेवाळाला जुनं बँकेचं कार्ड घे, खरवडून निघतं. घासणी नको, काचेला चरे पडतात आणि पुढच्या खेपेला शेवाळ त्या चऱ्यातच बसतं.”

हे बोलता बोलता माझ्या बाजूची बादली भरली. “हे ओत कढीपत्त्याला,” माई म्हणाल्या. “नायट्रेट म्हणजे खतच. माझी जास्वंद उगाच एवढी फुलत नाही. पण कोथिंबिरीला घालायचं नाही, मेथीला नाही, आपण कच्चं खातो त्या कशालाच नाही.”

“का?”

“तेच सांगणार होते. या कासवांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जिवाणू असतात. कासव ठणठणीत दिसतं, पण विष्ठेतून ते पाण्यात येतात, पाठीवर लागतात. मोठ्यांना जुलाब-ताप होऊन निभावतं, पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र जड जातं. अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून छोटी कासवं विकायला बंदी घातली ती यासाठीच. एवढंसं कासव मुलं हातात घेतात आणि सरळ तोंडात घालतात. म्हणून तोंडानं नळी ओढायची नाही. टाकीची बादली, नळी, फडकं वेगळं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये काही धुवायचं नाही. हात साबणानं धुतल्याशिवाय पोळीच्या डब्याला हात नाही. काल गेले तर तिचा नातू कासवाची पापी घेत होता आणि आजी कौतुकानं मोबाइलवर काढत होती.”

“फोटो स्टेटसला होता!” मी म्हटलं. “मी बदामसुद्धा दिला.”

“आता काढून घे तो.”

मग मी मावशींकडून आलेला पुढचा मुद्दा मांडला. “माई, मावशी म्हणतात, सासरे रोज सकाळी चहाबरोबर त्याला पाव घालतात. दुपारी पोळीचा तुकडा, रात्री भात. कासव मान वर करून मागतं म्हणे, मग जीव राहत नाही त्यांचा.”

“ते मागणारच. स्लायडर कधी पोट भरलं असं म्हणतच नाही. अर्धी घाण इथूनच होते. पाव-भात पाण्यात विरघळतो, निम्मा पोटात, निम्मा तळाला. वाढलेल्या कासवाला कासव-खाद्याचे दाणे एक दिवसाआड, तेही त्याच्या डोक्याच्या आकाराएवढेच. उरलेलं सगळं हिरवं. माझा गणू अझोला खातो.”

“गाई-म्हशींना घालतात तो?”

“तोच. भावाच्या मळ्यात पाण्यावर वाढतो, एक टोपली आणून टाकली की दोन दिवस चरत बसतो. न खाल्लेला अझोला तरंगत राहतो, सडत नाही, उलट पाण्यातलं नायट्रेट खातो. आणि काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणायचा. त्याची कडक पाठ काढून टाकून तुकडा पाण्यावर सोडायचा. कुरतडत राहतं, कवचाला कॅल्शिअम मिळतं. दाणे घालायचे तर टाकीत नाही, वेगळ्या टबात. खाऊन झालं की पंधरा-वीस मिनिटं तिथेच राहू द्यायचं, मग परत. सांडलेलं सगळं टबातच राहतं, टब ओतला की काम झालं. तुला सांगते, हा एक टब ठेवला तर निम्मा फिल्टर ठेवल्याचं पुण्य.”

“पण त्यांनी म्हणे आता उपाय आणलाय. दुकानदारानं एक काळा मासा दिला. टाकीतली घाण खातो म्हणे.”

माईंनी कपाळाला हात लावला. “सकर मासा. तो शेवाळ खातो, कासवाची शी खात नाही. उलट स्वतःच इतकं करतो की घाण वाढते. त्यात कासवानं त्याला खायला घेतलं तर त्याचे काटे घशात अडकायची भीती. आणि कुणी हौशी माणसानं हा मासा नदीत सोडला की झालं. आंध्र-तेलंगणात नद्यांमध्ये इतका वाढलाय की कोळी त्याला शिव्या घालतात, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. मी तिला सांगितलं, तो मासा दुकानदाराला परत दे.”

“परत घेतील?”

“नाही घेतला तर तुझ्या हौदात ठेवू.”

मी विषय बदलला. “बाईंनी टाकी खिडकीत ठेवलीय, ऊन लागावं म्हणून. ते तरी बरोबर ना?”

“तेही नाही. काचेतून येणाऱ्या उन्हात हवे ते अतिनील किरण जवळजवळ गाळले जातात, कासवाला त्याचा उपयोग नाही. उपयोग होतो तो शेवाळाला आणि पाणी तापायला. ऊन द्यायचं तर सकाळी टबात घालून अंगणात न्यायचं, अर्धा टब सावलीत हवा, आणि आपण तिथेच बसायचं. आपल्या गल्लीत मांजरं आहेत, कावळे आहेत, कुंपणाला मुंगूस दिसतं. एरवी टाकीत एक कोरडी जागा हवी, त्यावर गरम दिवा आणि यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. हिच्या टाकीत कोरडं म्हणावं असं काहीच नाही. तेच प्लास्टिकचं झाड आहे, त्यावर हे पाच इंची धूड बसणार कसं? चोवीस तास ओलं राहिलं की कवच सडायला लागतं. मी उचलून बघितलं, पोटाकडे एका खवल्याखाली मऊ लागतंय आणि वास मारतंय. त्यासाठीही डॉक्टरच.”

माईंचा आवाज जरा खाली आला. रस्त्यावरून कोपऱ्यावरचेच आजोबा पाव घेऊन चालले होते. आम्ही दोघींनी जास्वंदीची कळी बघायला घेतली. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत कळी चांगलीच निरखून झाली.

“आता मुख्य बातमी सांगते,” माई म्हणाल्या. “काल निघताना ती म्हणाली, माई, मला नाही होणार हे. येत्या सोमवारी घाटावर नेऊन कृष्णामाईत सोडते. पुण्य लागेल.”

“तेवढं बरं ना? त्याच्या जातीचे भेटतील.”

“कुठले भेटतात! तिथे मगरी भेटतील. आणि त्यातून वाचलं तर आणखी वाईट. कृष्णेत आपली कासवं आहेत. लीथचं मऊ पाठीचं कासव फक्त आपल्या भारतीय द्वीपकल्पातल्या नद्यांत राहतं, आधीच नाहीसं होत चाललंय. हे परदेशी सगळं खातं आणि उन्हाच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत हे आहे. युरोपनं १९९७ मध्ये आयात बंद केली. गुवाहाटीला एका देवळाच्या तळ्यात २०१८ मध्ये हेच सापडलं. ते काय मिसिसिपीतून पोहत आलं? कुणीतरी असंच पुण्य करायला सोडलेलं. हिला म्हटलं, सोडू नकोस, ज्याला सांभाळता येईल त्याला दे.”

“मग आपलं देशी कासव पाळलं तर?”

“ते तर गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा. आपली कासवं घरात ठेवायची नाहीत. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं ताऱ्यांचं कासव दुकानात कुणी दिलं तरी घ्यायचं नाही. २०१९ च्या पुरात पाणी ओसरल्यावर लोकांच्या अंगणात काय काय आलं होतं, आठवतं? असं कासव दिसलं तर बादलीत घालून हौस करायची नाही. वनखात्याचा १९२६ नंबर फिरवायचा.”

आता माझी वेळ आली होती. सकाळपासून जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

“माई, आमची लेक मागे लागलीय. कोपऱ्यावरच्या काकू देतायत म्हणून कुणाकडून तरी कळलंय तिला. फुकट आहे, आपणच घेऊ म्हणते. पत्र्याच्या शेडमध्ये जागाही आहे.”

“शेडमध्ये दुपारी काय तापमान असतं माहीत आहे का तुला? आणि कासव फुकट असेल गं, बाकीचं? चार फुटी टाकी, टाकीपेक्षा दुप्पट ताकदीचा फिल्टर, दोन दिवे, हीटर, विजेचं बिल. परीक्षेच्या दिवसांत पाणी कोण बदलणार? तू. ती शिकायला बाहेर गेली की? तू. माझ्याकडे बघ ना, ज्यानं आणलं तो हिंजवडीत बसून व्हिडिओ कॉलवर विचारतो, गणू कसा आहे. मी कशी आहे ते नंतर.”

“मग नाही म्हणून सांगू?”

माईंनी नळी गुंडाळली. “नाही म्हणू नकोस, रुसून बसेल. तिला सांग, रविवारी सकाळी सातला माझ्याकडे यायचं. नळी तिनं धरायची, बादल्या तिनं उचलायच्या, स्पंज तिनं दाबायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे. तोवर त्या कासवाला डॉक्टरकडे नेऊ आणि माझ्याकडे वेगळ्या टबात ठेवू. आजारी आहे, गणूच्या पाण्यात नाही घालणार मी. महिनाभर ती न चुकता आली तर टाकीचं बघू. नाही आली तर मी दुसरं घर शोधते.”

“आणि कोपऱ्यावरच्या बाईंना काय सांगायचं? वास्तूचं काय होणार?”

“पितळी कासव घे म्हणावं. चिंचेनं घासलं की लख्ख होतं.”

तिकडून मावशी येताना दिसल्या, म्हणजे पुढची बातमी आली होती. पण जाता जाता माईंनी जे सांगितलं ते मी लेकीच्या टेबलावर लिहून ठेवलं आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हट्ट चालू असेल तर त्यांनीही ठेवावं: कासव घ्यायचं की नाही हे दुकानात ठरवू नये. आधी चार रविवार दुसऱ्याच्या कासवाचं पाणी बदलावं, मग ठरवावं.